मामाच्या नावची अनामत

रविवार, २० एप्रिल १९६९. रक्कम पंचाहत्तर रुपये. हजर: पाळकसाहेब, आमच्या मंडळीचे सर्वांत जुने पंच म्हणजे गुरुजी, आणखी दोन पंच आणि मी. जागा, भोरमधल्या आमच्या चर्चच्या मागची खोली. उपासना संपल्यावर मी सात दहाच्या नोटा आणि एक पाचाची नोट टेबलावर ठेवली. ही माझ्या मुलीच्या लग्नाची अनामत होती. लग्नात कोणी दारू प्यायले तर ती जप्त होणार होती.

अनामतीचा हा नियम आमच्या मंडळीत आधीपासून होता आणि त्याचा मसुदा मीच केला होता. मी भातगिरणीत हिशेबाचे काम करी, त्यामुळे लिहिण्याचे काम माझ्याकडे येई. लग्न असलेल्या घराने पंचवीस रुपये पंचांकडे ठेवायचे. मांडवात किंवा वऱ्हाड उतरते त्या घरी कोणीही दारू आणली, दिली अथवा प्यायली तर ते मंडळीच्या गरीब फंडात जमा व्हायचे. तसे काही झाले नाही तर परत मिळायचे. नियमाचा धाक होता. तोपर्यंत एकाही घराची अनामत जप्त झालेली नव्हती.

तेव्हा दारूबंदीचा कायदा होता. शहरात परवाना काढून पिणारे होते आणि आमच्या डोंगरात हातभट्टी होती. पण आमच्या मंडळीने दारू वर्ज्य केली ती कायद्यामुळे नव्हे. आमच्या आजोबांच्या पिढीने बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावाला त्यांच्यात दिसलेला पहिला फरक हाच होता. अमका ख्रिस्ती झाला म्हणजे काय झाले, तर भट्टीवर जायचा थांबला. चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या विधीला इतरत्र द्राक्षारस देतात, आमच्याकडे तिथेही मनुका उकळून काढलेला रस असे. तो माझी बायको आदल्या दिवशी करी आणि दोनदा गाळी.

पंचवीसचे पंचाहत्तर झाले ते माझ्या मेव्हण्यामुळे. माझ्या बायकोचे माहेर वेल्ह्याच्या अलीकडे, राजगडाच्या पायथ्याला. लग्नाआधी तिने बाप्तिस्मा घेतला. पुढे काही वर्षांनी तिच्या माहेरचे सगळे बौद्ध झाले. तिचा एकच थोरला भाऊ. तो सडकेच्या कामावर गँगमध्ये होता. कामाला वाघ, आणि संध्याकाळी प्यायलेला. माझ्या स्वतःच्या लग्नात तो नाचता नाचता वाजंत्र्यांच्या ढोलावर पडला होता आणि ढोल फुटला होता. हे गुरुजींनी डोळ्यांनी पाहिलेले होते.

आमच्यात मुलीला चर्चच्या दारापर्यंत मामा आणतो, तिथून आत बाप नेतो. ख्रिस्ती झाल्यावर पुष्कळ रीती सुटल्या, पण मामाचा मान सुटला नाही. म्हणून त्या सभेत मुख्य प्रश्न माझ्या मेव्हण्याचाच निघाला. गुरुजींचे म्हणणे, त्याला बोलावूच नये. पाळकसाहेब पुण्याहून महिन्यातून एकदा येत. ते म्हणाले, शास्त्र झिंगण्याला पाप म्हणते, पिण्याला म्हणत नाही. प्रेषिताने तर आपल्या तरुण सोबत्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले आहे. आणि काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला, ते आपण सगळेच वाचतो. तिसऱ्या पंचाचे मत मधले होते. पिणे पाप नसेलही, पण आपल्या पिण्याने दुसरा अडखळला तर ते आपले पाप.

गुरुजींनी सगळे ऐकून घेतले. मग ते पाळकांना म्हणाले, "साहेब, द्राक्षारस आणि दारू यातला फरक तुम्हाला कळतो, मलाही कळतो. माझ्या भावाला तो कोणी सांगायचा होता?"

त्यांचा थोरला भाऊ पिऊन घरी येताना नीरा नदीत बुडाला होता. शेवटी असे ठरले की मामाला बोलवायला हरकत नाही, पण त्याच्यापोटी पन्नास रुपये जास्त ठेवावेत. मी ठेवले. पावतीवर गुरुजींनीच लिहिले: पंचवीस नियमाप्रमाणे, पन्नास मुलीच्या मामाबद्दल.

घरी आल्यावर मी बायकोला रक्कम सांगितली. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता तिने विचारले, "ढोल फुटला त्याचे पैसे दादाने दुसऱ्या महिन्यात आणून दिले होते. ते गुरुजींना आठवतंय का?"

मी म्हणालो, ते त्यांना माहीत नसावे.

"मग तुम्ही सांगायचं होतं." सूप बाजूला ठेवून ती म्हणाली, "माझ्या माहेरचं आता तेवढं एक माणूस आहे. दादा नसेल तर मी चर्चला येणार नाही. तुम्ही न्या मुलीला."

ती असे सहसा बोलत नसे आणि बोलली तर मागे घेत नसे. पुढच्या रविवारी मी नसरापूरला एसटी बदलून वेल्ह्याच्या गाडीने मेव्हण्याच्या गावी गेलो. आमंत्रणाबरोबर अटही सांगायची होती. बायकोने बजावले होते की पन्नास रुपयांचे तेवढे बोलू नका. पण ज्या माणसाच्या नावाने पैसे ठेवले आहेत त्याला ते माहीत नसावे, हे मला पटत नव्हते.

मेव्हणा घरीच होता. सडकेच्या डांबराने त्याच्या टाचा कायमच्या काळ्या झालेल्या होत्या. "जयभीम दाजी," म्हणून त्याने घोंगडी अंथरली. मी त्याला लग्नाची तारीख सांगितली, मुलगा सांगितला, पुण्याचे जुने ख्रिस्ती घराणे आहे हे सांगितले. मग अट सांगितली.

तो म्हणाला, "येतो. पर एक इचारू का? तुमच्या शास्त्रात दारू पाप हाय का न्हाई?"

मी त्याला खरे ते सांगितले. पाळक म्हणतात झिंगणे पाप, गुरुजी म्हणतात थेंबही पाप, तिसरे म्हणतात आपल्यामुळे दुसरा अडखळला तर पाप.

"म्हंजी तुमच्यात अजून मिटलंच न्हाई," तो हसून म्हणाला. "आमच्यात मिटलंय. पंचशीलातलं पाचवं त्येच. विहारात हात जोडून म्हणतो मी, दारू पिणार न्हाई. समद्यांच्या वर आवाज असतो माझा."

"अन् दिवेलागणीला इसरतो," त्याची बायको आतून म्हणाली.

तो तिच्या बोलण्यावरही हसला. मग मी पन्नास रुपयांचे सांगितले. चहा आला तो त्याने घेतला, कपबशी बाजूला ठेवली.

"माझ्यावर पन्नास? माझी एवढी किंमत आजवर कुणी केली न्हवती." मग त्याने विचारले, "तिला ठाव हाय?"

मी हो म्हणालो.

"ती काय म्हणली?"

जे म्हणाली होती ते मी सांगितले. तो उठून अंगणात गेला, उगाच एक दगड उचलून कुंपणावर नीट बसवला आणि परत आला. म्हणाला, "हळदीच्या आदल्या दिशी येतो. पोरगी सासरी जाईस्तोर घेणार न्हाई. त्याच्या म्होरलं मला इचारू नका, मी बी सांगणार न्हाई."

मी त्याहून जास्त मागितले नाही. परतीच्या एसटीत मला वाटत राहिले की या शब्दाची मुदत तरी स्पष्ट आहे.

तो सांगितल्याप्रमाणे आला. लग्न मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात होते. पहिल्या दिवशी त्याने मांडवाचे खड्डे खणले, मेढी पुरल्या, वर पाला घातला. दुसऱ्या दिवशी त्याला घाम सुटू लागला आणि हात कापू लागले. बायको त्याला गुळाचा काळा चहा देत राहिली. तो दर वेळी काहीतरी काम मागे. गिरणीतून आलेली तांदळाची पोती त्याने आत ठेवली, मग जागा बरोबर नाही म्हणून पुन्हा बाहेर काढून दुसऱ्या भिंतीला लावली. गुरुजींनी मंडळीतले दोन तरुण त्याच्यावर नजर ठेवायला नेमले होते. ते आपले काम इतके मन लावून करत होते की संध्याकाळी मेव्हणा मला म्हणाला, "दाजी, ही दोन पोरं सकाळधरनं माझ्या मागं हायत. मला सोयरीक बघाया लागलीत का काय?"

लग्नाच्या दिवशी तो धुतलेले धोतर आणि मी दिलेला फेटा घालून तयार झाला. मुलीचा हात धरून तो तिला चर्चच्या दारापर्यंत घेऊन आला. त्याचा हात कापत होता. मुलीने दुसऱ्या हाताने त्याचे मनगट धरून ठेवले होते, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला काही कळले नसते. बायको दारात उभी होती. तिने भावाकडे पाहिले आणि मान हलवली, एवढेच. मग मी मुलीला आत नेले. लग्न लागले. गुरुजी पहिल्या बाकावर होते. बाहेर येताना त्यांनी मेव्हण्याला ख्रिस्ती रीतीने "सलाम" म्हटले आणि त्याने "जयभीम गुरुजी" म्हटले.

इथपर्यंत सगळे नीट झाले. आमची चूक निराळीच होती आणि ती आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलेली नव्हती. एप्रिलपासून आम्ही एकाच माणसाचा विचार करत होतो. मुलाकडची माणसे जुनी ख्रिस्ती, चार पिढ्यांची, म्हणून त्यांना नियम सांगावा असे मलाही सुचले नाही, पंचांनाही नाही. ते आमच्याहून वेगळ्या पंथाचे होते एवढे आम्हाला माहीत होते. त्या पंथात लग्नाला काय करतात हे माहीत नव्हते.

मांडवात जेवणाआधी पन्हे फिरत होते. तेवढ्यात मुलाचे काका उभे राहिले. रेल्वेतून निवृत्त झालेले, पांढरा कोट, बोलणे सावकाश. ते त्यांच्या चर्चमध्ये वर्षानुवर्षे शास्त्रपाठ वाचत. त्यांनी केकच्या टोपलीतून एक बाटली आणि कागदात गुंडाळलेले लहान पेले काढले. काळ्या द्राक्षांची, घरी मुरवलेली वाइन होती. कायद्यानेही ती उघड्यावर आणण्यासारखी नव्हती, पण त्यांच्या मनात ती दारू नव्हतीच. ते म्हणाले, प्रभूने पहिले चिन्ह लग्नघरी दाखवले, आमच्या घरी प्रत्येक लग्नात वडीलधारी माणसे जोडप्याला आशीर्वाद देऊन एक घोट घेतात. असे म्हणून त्यांनी छोटीशी प्रार्थना केली. त्यांच्या बाजूच्या पाचसहा जणांनी पेले घेतले आणि प्यायलेही. मग काकांनी एक पेला भरून मुलीचा मामा म्हणून मानाने माझ्या मेव्हण्याच्या हातात दिला.

त्याने तो घेतला. सगळे पन्हे घेत होते, तसा त्यानेही घेतला. तोंडाजवळ नेल्यावर तो थांबला. गुरुजी अर्धवट उठून उभे राहिले होते. ते दोन तरुण कुठे बघावे हे न कळून माझ्याकडे बघत होते. बायको वाढायचे भांडे हातात घेऊन खांबाशी थांबली होती. तिच्या चेहऱ्यावरून मला कळले की तिला अनामतीची फिकीर नाही. भाऊ आता चार लोकांत घसरतो की काय, एवढेच ती बघत होती.

मेव्हणा मला म्हणाला, "दाजी, हे पन्हं न्हाई."

मी म्हणालो, "नाही."

"घेऊ?"

मुलाच्या काकांचा मान मोडणे सोपे नव्हते. मुलगी त्यांच्याच घरी जाणार होती. पण मला विचारले होते, आणि वेल्ह्याच्या गावी मी ज्याच्याकडून शब्द घेतला तो माणूस विचारत होता. मी म्हणालो, "घेऊ नका. तुम्ही शब्द दिलाय."

त्याने पेला काकांच्या समोरच्या पाटावर ठेवला. ठेवताना थोडी वाइन त्याच्या बोटांवर सांडली. ती त्याने धोतराला पुसली आणि म्हणाला, "पाव्हणं, राग धरू नका. तुमी एका घोटावर थांबता. मला थांबता येत न्हाई. पोरीच्या लग्नात कशाला?"

काकांनी बाटलीला बूच लावले आणि ती टोपलीत ठेवली. "आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं," एवढेच ते म्हणाले, आणि ते खरे होते. जेवणे झाली. भात चांगला झाला होता, माणसे पोटभर जेवली, पण त्या पंक्तीत गप्पा कमी झाल्या.

निघताना काकांनी मला बाजूला घेतले. ते म्हणाले, "तुमच्याकडे हे पाप मानतात हे माहीत असतं तर बाटली पुण्यातच राहिली असती. पण नाताळात आमच्या घरी तुमची मुलगी हा घोट घेईल. तेव्हा तिला पापी म्हणू नका."

मी म्हणालो, ते तिचे तिने ठरवावे, मी काही म्हणणार नाही. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि गाडीत बसले. या उत्तरात गुरुजींना अर्थातच खोट दिसली असती.

मुलगी गेल्यावर मेव्हणाही निघाला. थांबा म्हटले तर म्हणाला, मुदत संपली. शेवटच्या एसटीने तो गावी गेला आणि तिथे दोन दिवस प्याला. हे त्याच्या बायकोने निरोप पाठवून कळवले. माझी बायको म्हणाली, "बोलला होता तेवढं त्याने केलं." मला वाटते, ते बरोबर होते. पण रात्री तिने मनुकांचा डबा उघडून उगाच बघितला आणि पुन्हा बंद केला, तेही मला आठवते.

जूनमध्ये पाळकसाहेब आले तेव्हा अनामतीचा विषय निघाला. त्यांचे म्हणणे, सगळे पैसे परत द्यावेत. आशीर्वादाचा एक घोट म्हणजे दारू पिणे नव्हे. बाकीच्या दोन पंचांनाही तसेच वाटत होते. पुण्याच्या इतक्या प्रतिष्ठित घराने केलेली गोष्ट आपण जप्तीस पात्र कशी ठरवायची, असे एक जण म्हणाले. मला परत मिळणार होते, तेव्हा मी गप्प बसणे सोयीचे होते. पण मसुदा माझा होता. मी विचारले, "तोच पेला माझ्या मेव्हण्याने प्यायला असता, तर आपण एवढा वेळ बोलत बसलो असतो का?"

पत्र्यावर पाऊस वाजत होता. मग गुरुजी म्हणाले, "नाही. मी तेव्हाच मांडवातून उठून पैसे जप्त म्हणून सांगितलं असतं."

ते पुढे म्हणाले की आपल्या नियमात कोणीही असे म्हटले आहे, पुण्याचे वगळून असे म्हटलेले नाही. तेव्हा पंचवीस फंडात जमा करावेत. पन्नास मात्र मामाबद्दल होते, आणि मामाने घेतली नाही. हे त्यांनी खाली बघत सांगितले आणि स्वतःच पावतीवर तसा शेरा लिहिला. पाळकसाहेब म्हणाले, माझे मत बदललेले नाही, पण मी सही करतो. दारू पाप की झिंगणे पाप, हे त्या दिवशीही मिटले नाही. एवढे मात्र ठरले की यापुढे कोणा एका नातेवाइकाच्या नावाने जास्त रक्कम घ्यायची नाही आणि दोन्हीकडच्या मंडळींना नियम आधी सांगायचा. तो भाग मी नियमात वाढवला.

पन्नास माझ्या हातात आले. पैसे माझेच होते, तरी मला ते ठेवून घेणे बरे वाटेना. ते ज्याच्या नावाने अडकले होते त्याने आपल्या शब्दाने सोडवले होते. बायकोला मी तसे सांगितले. ती म्हणाली, "तो पिईल त्याचे." मी म्हणालो, पिईलही. तिने चुलीतले लाकूड मागे ओढले. मग म्हणाली, "द्या. त्याचेच आहेत."

पुढच्या रविवारी मी पुन्हा नसरापूरला गाडी बदलली. लावणीचे दिवस होते, मेव्हणा सुट्टी घेऊन शेतात होता. तो चिखलाच्या पायांनी बांधावर आला. मी काय ठरले ते सांगितले आणि नोटा पुढे केल्या. गुरुजी काय म्हणाले हे त्याने मला दोनदा सांगायला लावले.

अखेर दिलेले असे: पंचवीस रुपये मंडळीच्या गरीब फंडाला, पावतीसह. पन्नास रुपये मुलीच्या मामाला, रोख, दहाच्या पाच नोटा. त्यातल्या चार त्याने माझ्यासमोर बायकोच्या हातात दिल्या आणि एक घडी करून बंडीच्या खिशात ठेवली. त्या एका नोटेबद्दल मी काही विचारले नाही.